खोटी पाळी

सत्तेचाळिसाव्या वर्षी माझी पाळी थांबली आणि ते मी कुणालाही कळू दिलं नाही. मला ती अजून हवी होती. मूल हवं म्हणून नव्हे. एकुलता एक मुलगा केव्हाच इंजिनिअरिंगला पुण्याला गेला होता. पाळीच्या चार दिवसांत बाईने देवाधर्मापासून बाजूला बसायचं, ही रीत आमच्या सासरी अजून चालू होती. तरुणपणी त्या रीतीचा मला मनस्वी राग यायचा. आता तिच्यावाचून माझं भागत नव्हतं.

अडतिसाव्या वर्षी मला मधुमेह निघाला. गोळ्या घ्यायचे, विसरायचे, लग्नाकार्यात दोन जिलब्या जास्त खायचे आणि दुसऱ्या दिवशी पाप फेडायला फिरायला जायचे. पुढे नव्वदीच्या दशकात नवऱ्याने सरकारी नोकरी सोडली, एका परदेशी कंपनीच्या दिल्लीतल्या ऑफिसात तो लागला आणि आम्ही गाझियाबादच्या एका नव्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आजूबाजूला अर्धवट उभ्या इमारती, मधेच एखादं गव्हाचं शेत, रस्त्यांना नावं नाहीत, पण टीव्हीवर चाळीस चॅनेल. मार्केटात केक मिळायचा, परदेशी शांपू मिळायचे, कपाटाएवढे फ्रीज काचेमागे मांडलेले असायचे. बाईमाणसाला लघवीला जाता येईल अशी जागा त्या अख्ख्या मार्केटात एकही नव्हती. नकाशा काढणाऱ्याला सुचलंच नसावं.

डायबेटिसवाल्यांना सारखं लघवीला लागतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. माझं काही वर्षांनी उलटं झालं. मला लागायचंच बंद झालं. ओटीपोट भरून आल्याची, आता जायला हवं अशी जी एक आतून सूचना मिळते, ती मिळेनाशी झाली. भरून सांडायला लागलं की मगच कळायचं, तेही पाय ओला झाल्यावर.

पहिल्यांदा झालं ते पानिपतहून येताना. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की दिल्लीतल्या मराठी माणसाला त्यांना पानिपतला न्यावंच लागतं. त्यांनी स्मारकापाशी दोन मिनिटं गंभीर व्हायचं, आणि मग बाजारात जाऊन चादरी आणि सतरंज्यांसाठी घासाघीस करायची. त्या वर्षी आमची नवी गाडी होती. सीटवरचं प्लॅस्टिक नवरा काढू देत नव्हता, आणि त्यावरून मी त्याला यथेच्छ चिडवायचे. परतताना मी मागे, नवऱ्याच्या चुलतबहिणीशेजारी बसले होते. खोकले नाही, हसले नाही, गाडीला धक्का बसला नाही. वाटेतल्या मुरथलच्या अलीकडे मांडीखाली एकदम गरम लागलं आणि मग गार. प्लॅस्टिकने सगळं धरून ठेवलं. मी थंडी वाजतेय म्हणून नव्या चादरीचं पुडकं फोडलं आणि ती चादर कमरेभोवती गुंडाळून घरापर्यंत बसून राहिले. आमच्या लोकांचं पानिपत व्हायला ती एकच दिशा ठरलेली आहे, असं दिसतं. चादर रात्री धुतली आणि माळ्यावर टाकली.

मला वाटलं, एकदाच झालं असेल. तीन आठवडे काहीच झालं नाही. मग भाजी घेताना झालं. मग दोन महिने नाही, आणि मग एका आठवड्यात चारदा. रोज होत असतं तर मी काहीतरी बंदोबस्त केला असता आणि गप्प बसले असते. पण कधी होईल हेच कळत नसल्यामुळे मी रोजच भ्यायचे. गडद रंगाचे परकर शिवून घेतले. बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाणी बंद, दिल्लीच्या मे महिन्यातसुद्धा. त्याने आग व्हायला लागली, ताप यायला लागला, आणि लघवीला वास. केमिस्टकडून पॅड आणायचे, तो आधी वर्तमानपत्रात गुंडाळायचा, मग काळ्या पिशवीत घालायचा, आणि दरवेळी विचारायचा, "बिटिया के लिए?" मला मुलगी नाही. मी हो म्हणायचे.

नवऱ्याला माहीत नव्हतं का? असावं. पलंगावर माझ्या बाजूला मेणकापड आलं होतं. त्याबद्दल त्याने कधी विचारलं नाही आणि मी ते त्याचं मोठेपण समजत होते. आता नाही समजत.

आमच्या सासरी देवाधर्माचं सगळं माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे होतं. मी त्यांना वहिनी म्हणते. थोरले दीर सरकारी अधिकारी, दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात तळमजल्याचं क्वार्टर, पुढे तुळस, मागे छोटं आंगण. शेजारी तमिळ, बंगाली, पंजाबी. पण वहिनींच्या उंबरठ्याच्या आत आलं की सदाशिव पेठ. चैत्रगौर, श्रावणातले शुक्रवार, गौरी, नवरात्र, एकही चुकायचं नाही. आणि सगळं सोवळ्यात. आंघोळ करून, कुणी न शिवलेली साडी नेसून स्वयंपाकाला लागायचं ते नैवेद्य होईपर्यंत, चार-चार, पाच-पाच तास. मधे लघवीला गेलं तर पुन्हा आंघोळ. वहिनी स्वतः सकाळपासून घोटभर पाणी पीत नसत आणि ते अभिमानाने सांगत.

मी तिथे पाच तास उभी राहणं शक्य नव्हतं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गेले तेव्हा बसमध्येच थोडं झालं होतं. वहिनी पुढे आल्या, हातात कैरीच्या डाळीचं भांडं, "ये गं, लगेच साडी बदल, डाळ कालवायचीय." माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, मला शिवू नका."

त्या जागच्या जागी थांबल्या. "अच्छा. बस मग बाहेरच्या खोलीत."

बस, संपलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मी कुणाच्या घरी निवांत बसले. वेगळी चटई, वेगळा पेला. बाथरूमला कितीदा गेले तरी कुणी बघत नव्हतं, पर्समध्ये पॅड असणं साहजिकच होतं, गडद साडी का नेसलीस म्हणून विचारणारं कुणी नव्हतं. बायका आत खपत होत्या आणि मी पंख्याखाली बसून मासिक वाचत होते. पाळी हे कारण आमच्याकडे इतकं चोख आहे की त्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. लग्नानंतरची तेवीस वर्षं मला ते सुचलं नव्हतं याचंच वाईट वाटलं.

मग चटक लागली. श्रावणातल्या शुक्रवारी नाही, पण गोकुळाष्टमीला मी बाजूला. गौरींना बाजूला. नवरात्रात सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं, त्या दिवशीही बाजूला. एक गोष्ट मात्र मी विसरले. वहिनींच्या स्वयंपाकघरात पुण्याहून आणलेलं मराठी कॅलेंडर असायचं आणि घरातली कुठली बाई कधी बाजूला होती, याच्या बारीक खुणा त्या पेन्सिलीने त्यावर करून ठेवत. पुढच्या सणाला कोण हाताशी असेल याचा अंदाज बांधायची ती त्यांची पद्धत. सगळ्या सोवळेकरी बायका असा हिशेब मनात ठेवतात. वहिनी लिहून ठेवत.

दिवाळीच्या आधी त्यांचा फोन आला. आवाज गंभीर. "गोकुळाष्टमी ते गौरी पंधरा दिवस होत नाहीत नीट. मग नवरात्रात परत. अगं, तुला एवढं जातंय आणि तू बोलत का नाहीस?"

"या वयात होतं हो असं, वहिनी."

"काही होत नाही. माझ्या ताईचं असंच सुरू झालं होतं."

त्यांची थोरली बहीण गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली होती. हे मला माहीत होतं. खरं सांगायचं म्हटलं तर सहा-सात महिन्यांचं खोटं कबूल करायला हवं होतं, आणि त्या खोट्याच्या आत काय आहे तेही. वहिनी रडत होत्या. मी म्हटलं, "बरं, दाखवू या डॉक्टरांना." मनात म्हटलं, डॉक्टर काही नाही म्हणून सांगतील आणि सुटेन.

आमच्या वसाहतीत तेव्हा दर चार घरांआड एक नर्सिंग होम निघालं होतं. आम्ही गेलो ते एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, खालच्या मजल्यावर होतं. नवा काचेचा दरवाजा, आत नवी सोनोग्राफी, आणि त्या मशीनचा उपयोग व्हायलाच हवा अशा घाईतल्या एक डॉक्टरीणबाई. वहिनी माझ्याबरोबर आत आल्या. नवरा बाहेर बसला.

"पीरियड कितने दिन में आता है?" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं.

उत्तर वहिनींनी दिलं. "हर पंधरा दिन में, डॉक्टरसाहब. बहुत जाता है. ये बोलती नहीं, मैं बताती हूँ."

माझी पाळी जाऊन वर्ष होत आलं होतं. मी वहिनींच्या पदराच्या काठाकडे बघत बसले. सोनोग्राफी झाली. "छोटी-सी रसौली है," त्या म्हणाल्या. गाठ. "इस उमर में रखके क्या करना है? बच्चा तो हो गया ना? निकलवा दो, टेंशन खतम."

वहिनी नवऱ्याला बोलवायला बाहेर गेल्या. खोलीत आम्ही दोघीच होतो. डॉक्टरीणबाई खाली मान घालून फॉर्म भरत होत्या. "शुगर है? कब से? बीपी? पेशाब ठीक आता है?"

दार बंद होतं. परकी बाई, पुन्हा तोंड दिसायचं नाही, शिवाय डॉक्टर. याहून सोपी वेळ मला आयुष्यात मिळाली नसती. मी म्हटलं, "ठीक आता है." त्यांनी खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला.

लोक विचारतात तसं मीही स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे, की का. भीती होती, लाज होती, हे सगळं खरंच. पण त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते मला लख्ख आठवतं: गर्भाशय काढलेली बाई म्हणजे ऑपरेशन झालेली बाई, तिला भेटायला लोक नारळपाणी घेऊन येतात; आणि मुतणारी बाई म्हणजे मुतणारी बाई. मी पहिलं निवडलं. माझा राग वहिनींवर आहे, त्या डॉक्टरीणबाईंवर आहे, तोंड शिवून बसलेल्या नवऱ्यावर आहे, पण ते उत्तर माझं होतं.

ऑपरेशननंतर चार दिवस लघवीची नळी होती. पलंगाच्या कडेला पिशवी टांगलेली. ते माझे अडीच वर्षांतले पहिले निर्धास्त दिवस. पोटाला टाके, अंगात ताप, साखर वाढलेली, आणि तरी मी तान्ह्या पोरासारखी झोपले. वहिनी घर सोडून माझ्याजवळ राहिल्या होत्या. भाताची मऊ पेज करून आणायच्या, केस विंचरायच्या. नर्स वेळेवर यायची नाही, म्हणून पिशवीही त्याच रिकामी करायच्या. पिशवी उजेडात धरून किती झाली ते बघायच्या, बाथरूममध्ये ओतून यायच्या, हात धुऊन पुन्हा माझ्या कपाळावर ठेवायच्या. नाक मुरडलं नाही, पदर लावला नाही. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही कशाला?" तर म्हणाल्या, "आजारपणात काही नसतं गं असं."

तेव्हा सांगावंसं वाटलं. ओठांवर आलं होतं. पण पोट आधीच कापून झालं होतं, आणि आता सांगून मी त्यांच्या पदरात काय घालणार होते?

काढलेला भाग तपासायला पाठवला होता, त्याचा रिपोर्ट दहा दिवसांनी आला. नवऱ्याने जिन्यातूनच आनंदाने सांगितलं, "बिल्कुल नॉर्मल. काही दोष नाही. वयाला साजेसं आहे म्हणतात." वहिनींनी देवापुढे साखर ठेवली. मी तो कागद हातात घेऊन परत परत वाचला. निरोगी होतं ते काढलं होतं, आणि बिघडलेलं होतं ते आत तसंच राहिलं होतं. घरात सगळे हसत होते, म्हणून मीही हसले.

साखरेमुळे टाका पिकला आणि जखम भरायला अडीच महिने लागले. नळी काढल्यापासून गळणं मात्र वाढलं. पूर्वी आठवड्याने व्हायचं ते आता दिवसाआड व्हायला लागलं.

पुढचा भाद्रपद आला. वहिनींचा फोन, आवाज अगदी हलका. "आता बारा महिने मोकळी झालीस बघ. यंदा गौरींचं पुरण तुझ्याकडे. तुझ्या हातचं सासूबाईंना फार आवडायचं." काय सांगणार होते? पाठ दुखते म्हटलं असतं तर त्यांनी स्टूल दिलं असतं. माझ्याजवळचं एकुलतं एक कारण मी माझ्या हाताने सही करून काढून टाकलं होतं.

आदल्या संध्याकाळपासून पाणी प्यायले नाही. सकाळी वहिनींकडे आंघोळ केली, सोवळ्याची रेशमी साडी नेसले, आत दोन पॅड एकावर एक. बाहेरच्या खोलीत दोन्ही गौरी नटून उभ्या होत्या. डाळ शिजवली, गूळ घातला, आटवायला घेतलं. नैवेद्याआधी चाखायचं नसतं, तेव्हा वासावर आणि हातावर सगळं. पळी पुरणात सरळ उभी राहायला लागली, तशी मी पातेलं दोन्ही हातांनी धरून गॅसवरून उतरवलं. त्या जोराने सगळं सुटलं. पॅड काय करणार? पायांवरून फरशीवर आलं आणि ओट्याखाली पसरलं.

वहिनी माझ्यामागेच पाट पुसत होत्या. "पाणी सांडलं का गं?"

"नाही, वहिनी. लघवी आहे. मला धरवत नाही. तीन वर्षं झाली."

त्यांनी हातातलं पाट पुसायचं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आणि ते रक्त?"

"रक्त नव्हतंच. पाळी आधीच गेली होती. सोवळ्यात उभं राहायला लागू नये म्हणून मी खोटं सांगत होते."

"म्हणजे मी तुला उगाच कापायला लावलं?"

मला नाही म्हणता आलं असतं. सोनोग्राफीत गाठ दिसली होती, डॉक्टरांनी सांगितलं होतं, सही माझीच होती, असं काहीही. मी एक शब्द बोलले नाही. इतके दिवस मी एकटीने वाहिलं होतं. थोडं त्यांनाही होऊ दे, असं मला वाटलं, आणि ते वाटणं मला अजून चुकीचं वाटत नाही.

"जा, आंघोळ कर," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज मऊ होता. "कपाटात माझी धुतलेली साडी आहे, ती नेस."

मी आंघोळ करून आले तेव्हा फरशी कोरडी होती. ती वहिनींनी स्वतः पुसली होती, कामाच्या बाईला आत बोलावलं नव्हतं. त्यांचे केसही ओले होते. आंगणातल्या नळावर त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं असावं. ओट्यावर पुरणाचं पातेलं नव्हतं. गॅसवर कुकर होता.

"डाळ पुन्हा लावलीय," माझ्याकडे पाठ ठेवून त्या म्हणाल्या. "तू जरा मागे हवेशीर बस. कुणी विचारलं तर पाठ भरलीय म्हणून सांगते."

मी मागच्या दाराने आंगणात गेले. भांडी घासणारी बाई पायरीवर जेवत होती. तिच्यासाठी वेगळी ठेवलेली थाळी मांडीवर, आणि थाळीत माझं पुरण, ढीगभर. उरलेलं तिने घरी न्यायला डब्यात भरून घेतलं होतं, आणि रिकामं पातेलं घासायच्या भांड्यांत पडलं होतं. गौरींना जे चालत नव्हतं ते तिला चालेल का, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मला पाहून ती थोडी सरकली आणि पायरीवर जागा केली.

"दाल का हलवा बहुत बढ़िया बना है, बीबीजी. आपने बनाया? बड़ी बीबीजी ने पूरा पतीला ही दे दिया." तिने थाळी माझ्यापुढे केली. "आप भी लो थोड़ा."

"मुझे शुगर है," मी म्हटलं. तेवढं सांगायला मला कधीच लाज वाटली नाही.